सत्तर युरोंचा डायोनिसस

अथेन्सच्या प्लाका भागात दर दोन दुकानांआड मातीच्या भांड्यांची मांडणी दिसते. काळ्यावर तांबडे नाहीतर तांबड्यावर काळे असे सगळे देव तिथे हजर असतात. ढालवाली अथेना, त्रिशूळवाला पोसायडन, वीज उगारलेला झ्यूस. त्यांच्या पायाशी घुबडाचे मग आणि फ्रिजला चिकटवायची चुंबकं. ॲक्रोपोलिसवरून उन्हानं करपून उतरलेले लोक सावलीसाठी आत शिरतात आणि काहीतरी घेऊनच बाहेर पडतात. मी मात्र काय घ्यायचं ते पक्कं करून गेले होते. प्राचीन अथेन्सचा कुंभार-चित्रकार एक्सेकियास, त्यानं वाइनचा देव डायोनिसस आत रंगवलेला जो प्याला घडवला, त्याची प्रतिकृती मला हवी होती. पंच्याऐंशी सांगितले, घासाघीस करून सत्तर युरोंना मिळाली. त्या प्याल्याचं हे परीक्षण. दुकानाचं नाव देत नाही, कारण असा माल त्या गल्लीत सगळीकडेच आहे.

माझी पात्रता आधी सांगते. साताऱ्यात शाळेत चित्रकला शिकवण्यात नोकरी गेली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणारी मुलं वर्षानुवर्षं तयार केली. त्यामुळे वस्तू हातात आली की मन आपोआप ग्रेड द्यायला बसतं. मुलगी म्युनिकला असते, तिच्याकडे राहायला गेले की क्योनिग्सप्लात्झवरच्या प्राचीन कलासंग्रहालयात जाऊन बसणं हा माझा ठरलेला उद्योग. रविवारी तिथं एका युरोत प्रवेश मिळतो. एक्सेकियासचा मूळ प्याला तिथंच आहे. आधी त्याच्याबद्दल, कारण मूळ माहीत असल्याशिवाय नकलेला मार्क देता येत नाहीत.

हा प्याला इ.स.पू. 530 च्या आसपास अथेन्समध्ये घडला. उथळ, रुंद तोंडाचा, खाली बुटका पाय, बाजूला दोन आडवे कान. ग्रीक लोक अशा प्याल्याला कायलिक्स म्हणत. व्यास 30.5 सेंटीमीटर, उंची 13.6. फोटोत बघून तो वाटीएवढा वाटतो आणि प्रत्यक्षात समोर आला की माणूस गप्प होतो. पुरुषांच्या मद्यपानाच्या बैठकीत डाव्या कोपरावर रेलून, मोठ्या पात्रात पाणी मिसळून पातळ केलेली वाइन अशा प्याल्यातून प्यायची अशी रीत होती. तळाशी उरलेला गाळ प्याल्याच्या कानात बोट अडकवून निशाणावर भिरकवायचा खेळसुद्धा होता. कोट्टाबोस त्याचं नाव. त्या घरांतल्या भिंती कोण पुसत असेल, हा विचार माझ्या मनात प्रत्येक वेळी येतो.

तर आतलं चित्र. त्या काळातले बहुतेक चित्रकार प्याल्याच्या तळाशी एक लहान गोल आखत, त्याला किनार देत आणि त्यात एखादी आकृती बसवत. एक्सेकियासनं किनार टाकूनच दिली. काठापर्यंतचा सगळा खोलगट भाग एकच चित्र. मध्ये गलबत, त्यात पाय पसरून रेललेला डायोनिसस, डोक्यावर पानांचा मुकुट, हातात पिण्याचं शिंग. गलबतावर दुसरं कुणीही नाही. वल्हवणारा नाही की सुकाणूपाशी बसलेला नाही. डोलकाठीला लपेटून द्राक्षवेल वर गेलाय आणि शिडाच्या वर फांद्या पसरून त्याला सात घोस लगडलेत. भोवती सात डॉल्फिन. शीड पांढरं. पाण्याची एकही लाट काढलेली नाही, तरी तो समुद्र आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका येत नाही.

गोष्ट अशी. होमरच्या नावावर चालत आलेल्या एका जुन्या स्तोत्रात ती आहे. किनाऱ्यावर उभा असलेला देखणा तरुण पाहून तिऱ्हेनियन चाच्यांना वाटलं, राजपुत्र आहे, खंडणी मिळेल. त्याला गलबतावर घातलं. बांधायला गेले तर दोर आपोआप गळून पडले. सुकाणूवाला तेवढा शहाणा, तो म्हणाला, हा कुणीतरी देव आहे, सोडा याला. ऐकतो कोण! मग गलबतात वाइन वाहायला लागली, शिडावर वेल चढला, देव सिंह झाला. घाबरून चाच्यांनी समुद्रात उड्या टाकल्या आणि त्यांचे डॉल्फिन झाले. सुकाणूवाल्याला देवानं वाचवलं. प्याल्यावरचं चित्र याच गोष्टीचं, असं बहुतेक जण मानतात. काही अभ्यासकांना त्यात वसंतातल्या नव्या वाइनच्या उत्सवाला देव गलबतातून येतो तो प्रसंग दिसतो. मला विचाराल तर डॉल्फिन काढायचं दुसरं कारण सापडत नाही.

इंटरमिजिएटला संकल्पचित्राच्या पेपरात वर्तुळ आलं की मुलं घाबरतात. चौकोनाला वर-खाली असतं, वर्तुळाला नसतं. मग बहुतेक जण मधोमध फूल काढून सुटका करून घेतात. एक्सेकियासनं काय केलंय पाहा. डोलकाठीची उभी रेघ आणि शिडाची आडवी कड, एवढ्या दोन सरळ गोष्टींवर अख्खं चित्र तोललंय. बाकी सगळं वळणदार. गलबताचा तळ खालच्या काठाला साथ देतो, वेलाच्या फांद्या वरच्या काठाला. डॉल्फिन रिकाम्या जागा भरतात, पण भरण्यासाठी टाकल्यासारखे दिसत नाहीत. त्याच्या अंतरांकडे बघावं. दोन डॉल्फिनमधली जागा मोजून घेतलेली नाही आणि तरी कुठंच गर्दी नाही.

रंगाचं तंत्र समजून घेतलं की प्रतिकृतीची गोम कळते. काळा रंग म्हणून जो दिसतो तो रंग नव्हेच. भांड्याचीच लोहयुक्त माती पाण्यात कालवून, निवळत ठेवून, वरची अगदी बारीक गाळीव माती घ्यायची आणि तिचा लेप लावायचा. लावताना तो काळा नसतोच. मग अणकुचीदार हत्यारानं त्या लेपावर बारीक रेघा कोरायच्या, म्हणजे दाढी, कपड्याच्या चुण्या, बोटं. भट्टी एकच, पण तिच्यात तीन टप्पे. आधी हवा खेळती ठेवून भाजायचं, सगळं तांबडं होतं. मग साधारण 900 अंशांच्या पुढे हवा कोंडायची, ओलं लाकूड टाकायचं, सगळं काळं होतं आणि लेपातली बारीक माती वितळून काचेसारखी घट्ट होते. शेवटी पुन्हा हवा सोडायची. भांड्याची सच्छिद्र माती परत तांबडी होते, लेप आतून बंद झालेला असल्यामुळे काळाच राहतो. जरा उशीर झाला किंवा घाई झाली की पूर्ण भट्टी वाया. या प्याल्याच्या आत तर काळ्याखाली पोवळ्यासारखा लाल लेप आहे, तो साध्या मातीच्या रंगाहून गडद आणि तुकतुकीत. या लाल लेपाच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत याची गणना होते.

आता माझा सत्तर युरोंचा प्याला.

आकारापासून सुरुवात. फूटपट्टी लावली तर व्यास 22 सेंटीमीटर भरला. लहान असण्याबद्दल तक्रार नाही, सूटकेसमध्ये एवढाच मावतो. पण 'हॅन्डमेड, मॅडम, ऑल हॅन्डमेड' असं जे सांगितलं गेलं त्याला अर्थ नाही. कानाच्या मुळाशी बोट फिरवलं की साच्याची बारीक कड लागते. चाकावर ओढलेल्या भांड्याच्या आत कुंभाराच्या बोटांची वळी कुठंतरी राहतातच, इथं काहीच नाही. भांडं साच्यातलं आणि रंगकाम हाताचं, असं सांगितलं असतं तरी मी घेतलंच असतं.

रंग भाजणीनंतर दिलेला आहे. कडेला नख लावलं की काळ्याची जाडी जाणवते, ॲक्रिलिकवर वार्निश मारलंय. मूळच्या काळ्याला तिरप्या उजेडात एक मंद झळाळी असते, कुठं कुठं हिरवट छटा. याला शाळेच्या फळ्यावर नुकतं ऑइलपेंट दिल्यावर येते तशी चकाकी आहे. आतली पार्श्वभूमी साध्या विटकरी मातीची, पोवळ्याच्या लालाचा पत्ता नाही. रंगाला सी ग्रेड, तीही मेहनतीकडे बघून.

रेषेनं मात्र मला चकित केलं. ज्या कुणी हे रंगवलंय त्याचा किंवा तिचा हात तयार आहे. काळ्यावर सुईनं ओढलेल्या रेघा आहेत, ब्रशनं काढलेल्या नाहीत. दाढीचे केस एका दमात ओढलेत, मध्ये हात उचललेला दिसत नाही. अंगरख्याच्या चुण्या गुडघ्याशी जिथं वळायला हव्यात तिथंच वळतात. शिंग धरलेल्या हाताची मात्र दैना आहे, मनगटालाच बोटं फुटलीत. पण हात काढताना भले भले अडखळतात, तेवढं चालवून घेते. रेषेला ए.

मोजदादीत चोरी आहे. घोस सात आहेत, डॉल्फिन सहा. सातवा जिथं असायला हवा तिथं ग्रीक अक्षरांत देवाचं नाव लिहून ठेवलंय, म्हणजे गिऱ्हाइकाला ओळख पटावी. एक्सेकियासला ते लिहायची गरज पडली नव्हती. वेल आणि शिंग पुरेसं होतं. त्या नावामुळे चित्राची उजवी बाजू जड होते आणि गलबत कलल्यासारखं वाटतं. शाळेत असं पाटीवर नाव लिहून चित्र समजावणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करत नसे, पण मार्क कापत असे.

सगळ्यात मोठी चूक बाहेरच्या अंगाला. मूळ प्याल्याच्या बाहेर दोन्ही बाजूंना मोठाले डोळे रंगवलेत आणि कानांपाशी मेलेल्या वीराच्या देहावरून चाललेली झुंज. पिणारा प्याला उचलून तोंडाला लावतो तेव्हा समोरच्याला त्याच्या चेहऱ्याऐवजी प्याल्याचा चेहरा दिसतो. दोन डोळे, बाजूला कानांसारखे कान आणि खाली पायाचं गोल भोक म्हणजे तोंड. पिणारा जेवढा वेळ पितो तेवढा वेळ त्यानं मुखवटा चढवलेला असतो. डायोनिसस नाटकाचा आणि मुखवट्यांचाही देव, त्यामुळे हे विनोदाखातर केलं असेल तरी नेमकं बसतं. माझ्या प्रतीवर बाहेर काय आहे? ग्रीक चौकोनी नक्षीची पट्टी. जी पेपर नॅपकिनवर असते तीच. डोळे काढायला वेळ लागतो, पट्टी स्टेन्सिलनं होते, कारण एवढंच असणार.

पायाच्या कडेवर मुळात 'एक्सेकियासनं घडवलं' अशी सही आहे. माझ्या प्याल्याच्या पायाखाली सोनेरी स्टिकर. सोबतच्या प्रमाणपत्रात 'म्युझियममधल्या वस्तूची हुबेहूब प्रतिकृती' असं छापलंय, कुठल्या म्युझियममधल्या ते नाही. दुकानातल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, इथलीच, अथेन्सची. मी म्हटलं, बाई, ही म्युनिकला आहे, मी दर रविवारी भेटते तिला. त्यांनी खांदे उडवले आणि बबल रॅपचं दुसरं पुडकं उघडलं.

खरं तर तो प्याला अथेन्समध्ये फार काळ राहिलाच नाही. अथेन्सहून तो इटलीत एट्रुस्कन लोकांकडे गेला आणि वुल्ची इथं सापडला. आज जगभरच्या संग्रहालयांत अख्खी टिकलेली जी ग्रीक भांडी दिसतात त्यांतली कितीतरी अशीच एट्रुस्कन थडग्यांत जपली गेली. वुल्चीची जमीन नेपोलियनचा भाऊ ल्युसियाँ बोनापार्टच्या जहागिरीत होती, तिथं 1828 पासून खणाखणी चालू झाली. म्युनिक ज्याची राजधानी त्या बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग अशा वस्तूंसाठी वेडा. 1841 मध्ये हा प्याला त्याच्या संग्रहात आला. ग्रीक देव, इटलीतलं थडगं, फ्रेंच मालक, जर्मन राजा, असा प्रवास. म्हणून दुकानातल्या बाईंवर मी फार रागावले नाही.

आता ज्यासाठी ही वस्तू घेतली ते. संग्रहालयात प्याला काचेत असतो, रिकामा, स्थिर, वरून दिवा. त्यात काही ओतलेलं बघायला मिळणं शक्य नाही. आणि हे चित्र तर भरलेल्या प्याल्यासाठी काढलंय! घरी आल्यावर मी तेच करून बघितलं. जावई वाइनची बाटली घेऊन उभे राहिले, मी म्हटलं राहू द्या, पिणार कोणीच नाहीये. प्याला खाण्यापिण्यासाठी नाही असं दुकानानं सांगितलं होतंच, वार्निश पोटात घालायची माझी इच्छा नव्हती. आगळ होतं घरात, त्याचं कोकम सरबत केलं आणि काठाच्या जरा खालपर्यंत भरलं. चित्र गडप झालं, वर फक्त लालसर जांभळा गोल.

दोन्ही कान धरून प्याला ओठांशी नेल्यासारखा करून हळूहळू कलता केला आणि खाली ठेवलेल्या पातेल्यात सरबत सोडत गेले. पलीकडच्या काठाकडून चित्र उघडं पडायला लागलं. आधी द्राक्षाचे घोस. मग शिडाची वरची कड. मग देवाचा मुकुट, दाढी, शिंग. इथवर गलबत अजून पाण्याखालीच, त्यामुळे देव सरबतावर तरंगल्यासारखा. मग हलके गलबताची कड आली. आणि सगळ्यात शेवटी, माझ्याकडच्या काठाशी जो घोटभर उरला होता त्यात खालचे डॉल्फिन, ओले, हात जरा हलला की तेही हलल्यासारखे. मुलगी म्हणाली, आई, परत कर. परत केलं. नात खुर्चीवर चढून बघत होती, तिनं विचारलं, 'आजी, ते बुडले का?' मी सांगितलं, त्यांनी आपणहून उड्या मारल्या.

एवढ्या रविवारी काचेपुढे बसूनही जो क्रम मला दिसला नव्हता तो या सहा डॉल्फिनवाल्या, साच्यातल्या, ॲक्रिलिकच्या प्याल्यानं दाखवला. सत्तर युरो मी त्याचे दिले असं समजते. वाइनची बैठक पुढे जाते तसा देव वर येतो आणि प्याला संपत आला की चाचे उरतात, हे एक्सेकियासनं ठरवून केलं की ओघात झालं हे कुणाला विचारणार. पण गलबताखाली डॉल्फिन ठेवायची जागा त्यानं निवडली होती हे नक्की.

या प्रयोगाची किंमतही सांगायला हवी. सुईनं खरवडलेल्या रेघांवर वार्निश नाही, तिथं उघडी माती आहे आणि ती सरबत प्यायली. डायोनिससच्या दाढीत गुलाबी झाक आली, ती धुऊन गेलेली नाही. रात्रभर पाणी ठेवून पाहिलं तर सकाळी पायाखाली ओलं वर्तुळ. म्हणजे शोभेची वस्तू ती शोभेचीच.

दुकानाच्या सेवेबद्दल. माल काढून दाखवायला कंटाळा नाही, पाच प्याले उतरवून मांडले, हात लावू दिला, फोटो काढू दिले. बांधणी उत्तम. घट्ट खोक्यात, कानांना वेगळी गुंडाळी करून दिली, विमानातून टवकाही न उडता आला. माहितीत मात्र कच्चे. एकाच चित्राची सपाट ताटलीही त्यांच्याकडे होती, पंचवीस युरोंना, भिंतीवर टांगायची. ती घेऊ नका. खोलगटपणा गेला की हे चित्र नुसतं गोल पोस्टर उरतं.

त्याच दिवशी जरा बाजूच्या रस्त्यावर एक कार्यशाळा दिसली, तिथं एक तरुण कुंभार खरोखर तीन टप्प्यांच्या भट्टीतून भांडी काढतो. त्याचा छोटा प्याला हातात घेतला तेव्हा फरक लगेच कळला. काळा भाग बोटाला मातीहून वेगळा लागतच नाही, एकजीव. भट्टीत न साधलेली भांडी त्यानं फळीवर ओळीनं ठेवली होती, कुठं काळं तपकिरी झालेलं, कुठं तांबड्यावर धुरकट डाग. किंमत माझ्या प्याल्याच्या चौपटीहून जास्त होती आणि डायोनिसस त्याच्याकडे तयार नव्हता, सांगून करून घ्यावा लागला असता. ज्यांना खरी वस्तू हवी आणि थांबायची तयारी आहे त्यांनी असा माणूस शोधावा. विचारायचा प्रश्न एकच, काळा भाजण्याआधीचा की नंतरचा? उत्तर देताना दुकानदार घुटमळला की समजायचं.

अथेन्सला जाणं होणार नसेल आणि म्युनिकला होणार असेल तर सोमवार सोडून जा, सोमवारी बंद असतं. एक्सेकियास बघून झाला की डायोनिसस शोधत तशाच पुढे चला. क्लिओफ्रादेस चित्रकाराचा मोठा टोकदार तळाचा रांजण आहे, त्यावर देव आणि भोवती बेभान नाचणाऱ्या बायका, एकीची मान मागे फेकलेली. ब्रिगोस चित्रकाराच्या प्याल्यात पांढऱ्या जमिनीवर अशीच एक बाई आहे, केसांत साप, हातात चित्त्याचं पिल्लू. एक्सेकियासचा देव निवांत आणि त्याच्या भक्तांचे हे हाल! आणि काळ्या आकृतीची पद्धत जाऊन तांबड्या आकृतीची कशी आली ते एकाच भांड्यावर बघायचं असेल तर एका बाजूला काळा आणि दुसऱ्या बाजूला तांबडा हेराक्लिस (ग्रीक पुराणातला महाबली वीर) रेललेला आहे असा रांजण तिथं आहे, तो चुकवू नका.

माझी एकूण ग्रेड बी. अथेन्समध्ये घ्यायचाच असेल तर प्याला आधी पालथा करून बाहेर डोळे आहेत का ते बघा, मग आतले डॉल्फिन मोजा, मग भाव करा. बिल आणि प्रतिकृतीचा कागद खोक्यात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. ग्रीसमधून खऱ्या जुन्या वस्तू परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाहीत, आणि विमानतळावर कुणी खोकं उघडायला सांगितलं तर तोच कागद उपयोगी पडतो.